दिनानाथांच्या नावे एक पारायण

दिनानाथांच्या पायाला भिंगरी आहे, हे बनारसच्या मुन्शी घाटावरच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. एका जागी बसणं त्यांना जन्मात जमलं नाही. नोकरी केली तीही रेल्वेत गार्डाची. म्हणजे बसायचं खरं, पण ज्यावर बसायचं तेच धावत असायचं. रिटायर झाल्यावर धावणारी जागा गेली, तेव्हा ते स्वतःच धावायला लागले. सकाळी घाट, मग चौकात कचोरी-जलेबी, मग भाजी, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाचं तरी बँकेतलं काम, दुपारी पुन्हा घाट. घरी यायचं ते जेवायला आणि झोपायला. जेवतानासुद्धा त्यांचं तोंड दाराकडे असे, न जाणो कुणी हाक मारली तर.

अशा माणसाच्या हातात चारशे पानांची कादंबरी देणं म्हणजे छळच. पण देणारी परकी नव्हती. पोटची पोर होती, आणि कादंबरीही तिनंच लिहिलेली होती.

कस्तुरी ही त्यांची एकुलती एक मुलगी, नागपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. बनारसात वाढलेल्या पोरीनं मराठी शिकवावी याचं दिनानाथांना भारी कौतुक. आमच्या घरात निम्मी हिंदी चालते आणि आमची कन्या नागपूरकरांना मराठी शिकवते, असं ते घाटावर भेटेल त्याला सांगत. हे कौतुक घाटावरच राहायचं. कन्येशी बोलणं व्हायचं ते रविवारी सकाळी फोनवर, तब्येत कशी आहे, थंडी किती पडली, जेवलात का, एवढंच. आई गेल्यावर तेरावं उरकून कस्तुरी जी गेली ती पुन्हा घरी आली नव्हती. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

पौषात कुरिअरनं पुस्तक आलं आणि पाठोपाठ मराठी मंडळाचे चिटणीस विष्णुपंत आले. यंदाचं मंडळाचं व्याख्यान कस्तुरीचं, तेही तिच्याच कादंबरीवर, आणि सुरुवातीला वडील म्हणून तुम्ही चार शब्द बोलायचे, असं ते ठरवूनच आले होते. दिनानाथ लगेच हो म्हणाले. चार शब्द बोलायला त्यांना कादंबरी वाचायची गरज नव्हती, चाळीस शब्दही ते न वाचता बोलले असते.

गरज पडली ती रविवारच्या फोनमुळे.

"बाबा, मंडळानं माझ्यासाठी खोली ठेवलीय," कस्तुरी म्हणाली. "तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलं असेल तर मी घरी उतरेन. नसेल वाचलं, तर खोलीवर."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर दिनानाथांनी गोडीगुलाबीनं तो उतरवला असता, ती कला त्यांच्याकडे होती. पण ती अगदी शांतपणे बोलली. या खेपेला पोर खोलीवर उतरली तर आपल्या घराचा जिना ती पुन्हा कधी चढायची नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. तिला घरी आणायचं तर पुस्तक वाचायला हवं. दुसरी वाट नव्हती.

त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि पहिलं पान उघडलं.

पहिल्या पानावर खिडकी होती. जिच्यापाशी बसून ते वाचत होते तीच, तिचा मोडलेला कोयंडासुद्धा तोच. दिनानाथांना बरं वाटलं. आपल्या घरची खिडकी छापून आली म्हणजे काय लहान गोष्ट झाली. दुसऱ्या पानावरही खिडकी होती. तिसऱ्यावर खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर कसं सरकतं ते होतं, आणि ते ऊन भिंतीवरून कॉटवर यायला दहा पानं गेली. कॉटवर एक बाई होती. तिचा एकच हात हलत होता. त्या हातानं ती पांघरुणाची कड चाचपत होती, आणि वीस पानं झाली तरी तिनं कूससुद्धा बदलली नव्हती. मालगाडीदेखील सिग्नलला एवढी उभी राहत नाही, असं मनाशी म्हणत दिनानाथ उठले आणि दूध आणायला गेले. दूध घरात होतं.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. पुस्तक घाटावर नेलं, तर नावेवाल्यांची भांडणं सोडवण्यात सकाळ गेली. घरी दार लावून बसले, तर गच्चीवर माकड आलं की काय ते बघायला तीनदा उठले. मधलीच पानं उघडून पाहिली, तिथं कुणीतरी औषधाची बाटली हलवत होतं. शेवटून उघडावं असं मनात आलं, पण तेवढी लबाडी करवेना. कुणाचा खून नाही, लग्न नाही, साधं भांडण नाही. एक बाई पडून आहे आणि एक मुलगी बसून आहे, हे लिहायला चारशे पानं कशाला लागतात, हे त्यांना कळत नव्हतं. वाचता वाचता पायांना मुंग्या येत, छाती भरून येई, आणि आपल्याला बाहेर काहीतरी तातडीचं काम आहे असं आतून वाटू लागे.

ती बाई कोण हे त्यांना पहिल्या ओळीपासून माहीत होतं. प्रेमला, त्यांची बायको. अर्धांगाचा झटका आला आणि ती दीड वर्षं त्या खिडकीशी पडून होती. कस्तुरी बिनपगारी रजा घेऊन नागपूरहून आली ती दीड वर्षं तिच्या उशाशी बसली. दिनानाथांनीही काही कमी पडू दिलं नाही. औषधं आणली, मालिशचं तेल आणलं, वैद्य आणले, डॉक्टर आणले, कुणी सांगितलं म्हणून रामनगरहून कसलासा काढा आणला. त्या दीड वर्षात ते सतत काही ना काही आणायला बाहेर असत. आणि बायकोच्या नावे मृत्युंजयाचा जप बसवला होता, तोही साधासुधा नाही, सव्वा लाखाचा. काशीत ही सोय आहे. संकल्पात यजमानाचं नाव-गोत्र घातलं की जप ब्राह्मण करतो आणि फळ यजमानाच्या पदरात पडतं. जप, पाठ, तर्पण, सगळं दुसऱ्यानं करून चालतं, आणि शास्त्राची त्याला ना नाही.

कस्तुरीच्या येण्याला आठवडा उरला तेव्हा दिनानाथ पस्तिसाव्या पानावर होते. त्या दिवशी पुस्तक मिटताना त्यांना एक कल्पना सुचली, आणि ती आधी कशी सुचली नाही याचं त्यांना नवल वाटलं. ते तसेच जिना उतरले आणि अमृतराव घाटाकडे निघाले.

अमृतराव घाटावर ढुंढिराज राहतो. दिनानाथांचा लंगोटीयार, बाप पाठ करायचा, हाही पाठच करतो. मृत्युंजयाचा जप त्यानंच केला होता. जपाला उपयोग झाला नाही ही गोष्ट दोघांत कधी निघाली नाही, कारण ढुंढिराजच्या मते उपयोग झाला होता, प्रेमलावहिनींना काशीत मुक्ती मिळाली होती.

दिनानाथांनी त्याला सरळ सांगितलं, की माझ्या नावे एक ग्रंथ वाचायचाय. ढुंढिराजनं कुठला म्हणून विचारलं, पुस्तक हातात घेतलं, वर कव्हर बघितलं, आणि इतका हसला की पानाची पिचकारी सांडता सांडता राहिली.

"गुरू, कादंबरीचं पारायण? मतलब तू बिलकुलच गेलास कामातून."

पण माणूस धंद्याला पक्का. हसून झाल्यावर त्याला अडचण दिसली ती एकच, संकल्पात ग्रंथाचं नाव काय घ्यायचं. थोडा वेळ डोकं खाजवून त्यानं 'कन्याविरचितग्रंथस्य पठनं करिष्ये' असं बसवलं आणि स्वतःवरच खूश झाला. दुसऱ्या दिवसापासून सोवळं नेसून, पोथी ठेवायच्या लाकडी ठवणीवर कादंबरी ठेवून, वसिष्ठगोत्री दिनानाथांच्या नावे त्यानं वाचायला घेतलं, तेही मोठ्यानं, पोथीच्या चालीत. घाटावरचे लोक थांबून ऐकत. औषधाच्या बाटल्यांना चाल लागलेली पूर्वी कुणी ऐकली नव्हती.

दिनानाथ तिकडून जाताना लांबून बघत आणि त्यांचा जीव भांड्यात पडे. पानं उलटत होती. आपल्या नावावर उलटत होती.

पारायण संपलं त्या दुपारी ढुंढिराजनं घाटाच्या पायरीवर बसून त्यांना सगळी कथा सांगितली. सांगण्यात त्याचा हात कोण धरणार? बाईचं दुखणं त्यानं असं सांगितलं की शेजारची बिहारी यात्रेकरू बाईही डोळे पुसायला लागली, तिला मराठीतलं ओ की ठो कळत नसताना. मध्येच तो म्हणाला, की त्या घरात एक पुरुष आहे, त्याला नाव नाही दिलेलं. पण तेवढ्यात भोसले घाटाकडून ओळखीचं कुणीतरी येताना दिसलं, दिनानाथ रामराम करायला उठले, आणि परत येऊन बसेपर्यंत कथा पुढं गेली होती.

"आणि मग एक दिवस," ढुंढिराज म्हणाला, "बाई सांगते, मला उठवून बसव. मुलगी बसवते. बाई म्हणते शिरा कर. मुलगी शिरा करते, भरवते. आणि बाई खिडकीतून गंगामाई बघते, आणि हसते. इति."

दिनानाथ पहिल्यांदाच पायरीवरून हलले नाहीत. पोरीनं आईला बरं केलं. खऱ्यात जमलं नाही ते कागदावर केलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी तोंड नदीकडे फिरवलं. प्रेमला उठून बसली आहे, शिरा खाते आहे, हे त्यांना समोर दिसत होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी आपण होऊन फोन केला आणि वाचून झालं म्हणून सांगितलं. कस्तुरीनं पूर्ण का म्हणून विचारलं, आणि दिनानाथ म्हणाले, पूर्ण, समाप्तीसकट. त्यात त्यांना खोटं काहीच वाटलं नाही. नाव त्यांचं होतं, गोत्र त्यांचं होतं, आणि रडूही त्यांनाच आलं होतं.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी ते गाडीच्या पुष्कळ आधी स्टेशनवर हजर होते. कस्तुरी उतरली. केसांत एक पांढरी बट आली होती. ती त्यांच्या पाया पडली आणि टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, बसून गोदौलिया चौकापर्यंत, आणि तिथून गल्ल्यांतून चालत, दोघं घरी आले. जिना ती हळूहळू चढली. खोलीच्या दाराशी ती थबकली. कॉट दिनानाथांनी कधीच देऊन टाकली होती, तिथं आता खुर्ची होती. तिनं बॅग भिंतीशी ठेवली आणि खुर्चीत न बसता खाली सतरंजीवर बसली.

दिनानाथांनी चहा केला. त्यांना वाटलं चहा होईपर्यंत थांबावं, मग वाटलं पिऊन होईपर्यंत थांबावं, पण थांबणं हा त्यांचा प्रांत नव्हता. कप तिच्या हातात देता देताच ते बोलले.

"बेटा, एक सांगू? शेवट फार चांगला केलास तू. आईला बरं केलंस. तो शिरा... मला रडू आलं ग."

कस्तुरीनं कप खाली ठेवला. दिनानाथांना कळेना की हिला आनंद का होत नाही.

"शिऱ्याच्या पुढं अजून शंभर पानं आहेत, बाबा," ती म्हणाली. "आई बरी होत नाही. जाते."

दिनानाथ बोलायला लागले, की असं झालं, ढुंढिराज म्हणाला, आणि बोलता बोलता सगळंच बाहेर पडलं, संकल्प, ठवणी, कन्याविरचित वगैरे. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसून हसून पुरेवाट झाली असती. कस्तुरी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिचा चेहरा फक्त दमलेला दिसू लागला, गाडीतून उतरली तेव्हाही एवढा दमलेला नव्हता. तिनं बॅग उचलली. मंडळाची खोली कुठं आहे ते मला माहीत आहे, तुम्ही पोचवायला येऊ नका, एवढंच ती म्हणाली आणि जिना उतरली. चहा तसाच राहिला.

दिनानाथ तडक अमृतराव घाटावर गेले. वाटेत दोन माणसांनी हाक मारली, त्यांना त्यांनी ओ दिली नाही. गल्लीत ही बातमी झाली असेल. ढुंढिराज उन्हात बसून दाढी करवून घेत होता. दिनानाथ त्याच्या अंगावर ओरडले, की तू माझा घात केलास, मला खोटी कथा सांगितलीस. ढुंढिराजला काही समजेना. समजलं तेव्हा त्यानं न्हाव्याचा हात बाजूला केला, आणि अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो बोलला.

"खोटं काय सांगितलं? पारायण अशुभावर थांबवत नाहीत, हे तुला पता नाही? मंगल प्रसंग आला की तिथं फूल वाहायचं, आरती करायची आणि पोथी बांधायची. पुढं मला मरण दिसलं, म्हणून मी शिऱ्यावर थांबलो. यजमानाच्या घरी मी मरण नाही पोचवत, दिना."

तो पुढंही बोलत होता, फळ तुला पूर्ण मिळणार, त्याचं टेन्शन घेऊ नको, असं काहीतरी. दिनानाथांचा राग मात्र जागच्या जागी विरला, कारण त्यात चूक काढता येत नव्हती. ढुंढिराजला जे करायला सांगितलं तेच त्यानं केलं होतं. जे बघवत नाही ते यजमानाला बघावं लागू नये, यासाठीच तर लोक त्याला बोलावतात. दिनानाथांनीही त्यासाठीच बोलावलं होतं, आत्ता आणि तेव्हाही. पुस्तक मागून घेताना त्यांना ढुंढिराजच्या तोंडाकडे बघवेना. आत शिऱ्याच्या पानावर झेंडूचं फूल चपटं झालं होतं. ते त्यांनी नदीत टाकलं.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. विष्णुपंतांचा कार्यक्रम चार वाजता होता. तोवर जमेल तेवढं वाचू आणि बाकीचं वाचतो म्हणून पोरीचे पाय धरू, असा त्यांचा हिशेब होता. पस्तिसाव्या पानापासून त्यांनी सुरुवात केली.

पुस्तक होतं तसंच होतं. ढुंढिराजच्या ठवणीवर बसून ते काही भराभर चालायला शिकलं नव्हतं. बाईचं अंग पुसायचं होतं, ते पुसायला मुलीला चार पानं लागली. दिनानाथ उठले. उभे राहिले. मग दारापर्यंत गेले, आणि कडीला हात लावल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते परत येऊन बसले. पुन्हा उठले. पाणी प्यायले. खाली गल्लीत कुणीतरी 'दिनानाथजी' म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. असं पुष्कळदा झालं. एकदा तर चिडून त्यांनी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं म्हणाले, की बाई ग, काहीतरी होऊ दे. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं.

मग ते पान आलं.

मुलगी आईचे केस विंचरत होती आणि आई जिन्याचा कानोसा घेत होती. पडल्या पडल्या तिला पावलं ओळखू येऊ लागली होती. दूधवाला कसा चढतो, वैद्य कुठं दम खातात, शेजारीण येते तेव्हा पायातलं कसं वाजतं. आणि मग घरातल्या पुरुषाची पावलं. ती भराभर वर येत, दारापाशी येऊन थांबत. बराच वेळ थांबून राहत. आणि नंतर आवाज न करता, एकेक पायरी जपून, खाली निघून जात.

दिनानाथांनी ते पुन्हा वाचलं. ही गोष्ट जगात कुणाला माहीत नव्हती. दाराशी उभं राहून आतली शांतता ऐकली की त्यांच्यानं कडी उघडवत नसे, आणि ते खाली जाऊन आणखी काहीतरी आणत. चोरपावलानं उतरत. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते कुणी ऐकलं नाही.

पुढं मुलगी रागानं उठते, दार उघडून हाक मारणार असते. आई तिचं मनगट धरते. जो एकच हात हलतो, त्या हातानं. आणि म्हणते, "जाऊ दे. त्यांना बघवत नाही. येतात ना दारापर्यंत रोज, तेवढं पुरे मला."

दिनानाथ रडले. घाटावर रडले होते तसे नाही, तिथं आपण किती हळवे याचं थोडं सुखही वाटलं होतं. हे रडणं कुरूप होतं, नाकातोंडातून पाणी येणारं, आणि ते थांबेना. प्रेमलाला माहीत होतं. दीड वर्षं माहीत होतं. तिनं कधी विचारलं नाही, आणि वर त्यांचीच बाजू घेतली. आणि पोर हे सगळं बघत बसली होती, ऐकत बसली होती, रोज.

त्यानंतर त्यांना उठावंसं वाटलं नाही. वाटलं नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ऊन भिंतीवरून सरकत होतं, पुस्तकातलंही आणि खोलीतलंही, आणि ते कुठं आहे हे बघण्यात त्यांना आता गोडी वाटू लागली होती. बाईनं हात उचलला की त्यांचा श्वास अडकायचा. तिनं घोटभर पाणी गिळलं की त्यांना हायसं वाटायचं. फोन वाजला, विष्णुपंतांचा होता. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. चार वाजून गेले. आपण कुठं जायचं होतं हे त्यांना आठवलं, आणि आत्ता हिला अशी टाकून कसं जायचं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी पान उलटलं.

दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. दार लोटून कस्तुरी आत आली. अंगावर व्याख्यानाची साडी होती, हातात मंडळानं दिलेला नारळ. सगळे तुम्हाला विचारत होते, ती म्हणाली, विष्णुकाकांनी अर्धा तास कार्यक्रम थांबवला, तुमच्या नावाची खुर्ची माझ्या शेजारी रिकामी होती. आजच्या दिवशीसुद्धा तुम्हाला बाहेर कुठं जायचं होतं ते तरी सांगा.

मग तिला दिसलं. खोलीत अंधार झाला होता आणि दिवा लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. खिडकीतून जेवढा उजेड येत होता तेवढ्यात पुस्तक धरून ते वाकून बसले होते. तिची चाहूल लागूनही ते उठले नव्हते. बाबा कुणी आल्यावर उठले नाहीत, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं दिवा लावला. नारळ खाली ठेवला.

"कुठवर आलात?" तिनं विचारलं.

"अजून आहे ती," दिनानाथ म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "आज दुपारी जरा बोलली."

कस्तुरी भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं त्यांच्या मांडीवरच्या पानाकडे पाहिलं. तिथं मुलगी हातात ताट घेऊन दाराच्या चौकटीशी उभ्या उभ्या जेवत होती, एक कान कॉटकडे ठेवून, कारण खाली बसलं तर आईची हाक ऐकू येणार नाही अशी तिला भीती. दीड वर्षं ती तशीच जेवत होती. दिनानाथ ते पान दोनदा वाचून तिसऱ्यांदा वाचत होते.

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. मग तिच्याकडे बघून ते जे बोलले ते बोलायला त्यांना फार उशीर झाला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"तू जेवून घे," ते म्हणाले. "आत खिचडी आहे सकाळची. खाली बसून जेव. मी बसतो तिच्यापाशी."

कस्तुरी स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग पाट मांडल्याचा, आणि मग पुष्कळ वेळ कसलाच आवाज आला नाही. दिनानाथ वाचत राहिले.